कुणाचा डोळा लागला

दरवर्षी सोमवारगिरी बुवांची पुण्यतिथी जवळ आली की मठातली माणसं माझ्या दारात येऊन बसतात. म्हणतात, केरबाअण्णा, तो प्रसंग तुम्हीच सांगा, तुम्ही तिथं होता.

होतो. झोपलेला होतो. झोपलेल्या माणसाला काय काय घडलं म्हणून विचारणारी ही शहाणी माणसं.

यंदा तर मठाचं पुस्तक निघतंय म्हणे, तेव्हा लिहूनच द्या. अरे, मी दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस. गूळ करण्यात जन्म गेला. काहिलीतला रस ढवळून हाताची बोटं वाकडी झाली, त्यात आता लेखणी कुठं धरायची? ज्यानं हे सगळं केलं तो तिकडं मठात गादीवर बसलाय, त्याला सांगा की लिहायला. तर म्हणतात, महंत प्रवचनात सांगतात हो, पण फार थोडक्यात सांगतात.

थोडक्यातच सांगणार तो. 'एकदा बुवांकडे एक इसम आला,' असं म्हणतो.

इसम.

तो इसम मी. माझं नाव केरबा. आता लिहितोय तर मध्ये चहा घ्या, पाणी घ्या करू नका.

*

"सांग, या दोघांतला आजारी कोण?"

बुवांनी विचारलं. मला नाही, त्यांच्या शिष्याला. चैतगिरीला.

कासारखिंडीतला मठ. सकाळची वेळ. बुवा ओट्यावर बसलेले, पाठ खांबाला, एक गुडघा उभा. दुसरा त्यांना वाकवता यायचा नाही. चैतगिरी त्यांच्या बाजूला हात बांधून उभा. आज गादीवर बसलेला महंत तो हाच, तेव्हा तरणाबांड होता. केसाला तेल, गळ्यात रुद्राक्ष, आणि मान अशी की वर आढ्याला काही टांगलंय आणि तेवढंच बघण्यासारखं आहे.

खाली अंगणात आम्ही दोघं भाऊ. मी आणि माझा धाकटा, सात्तापा. माझ्या पटक्याचं एक टोक माझ्या डाव्या मनगटाला बांधलेलं, दुसरं त्याच्या उजव्या मनगटाला.

कुणी कुणाला बांधलंय ते नुसतं बघून कळत नव्हतं. म्हणून तर बुवांनी विचारलं असेल.

सात्तापाचं असं झालं होतं की तो बोलायचा थांबला. ऊस तुटून गेला, गुऱ्हाळ बंद झालं, आणि त्या सुमारास हा गप्प झाला. जेव म्हटलं तर जेवायचा, बस म्हटलं तर बसायचा. बघत राहायचा. कशाकडे ते कळायचं नाही. सगळे निजले की उठायचा आणि विहिरीवर जाऊन कठड्याला उभा राहायचा. एकदा मी तिथनं त्याला कमरेला मिठी मारून मागं ओढला. त्या दिवसापासून निजताना मी त्याचं मनगट माझ्या मनगटाला बांधायला लागलो. तो जरा हलला की मला कळायचं. तो हलला नाही तरी मला हलल्यासारखं वाटायचं.

आमचा चुलता, म्हादूतात्या. त्यानं गोठ्यात नवी खुंटी ठोकली. जाड, बाभळीची. साखळी आणून तिच्यावर टाकली.

"बुवाकडं न्हे त्याला," तात्या म्हणाला. "बुवा डोळं बघून सांगतात. वेडा म्हणाले की बांधायचा. रोज रोज कोण जागणार?"

रोज मीच जागत होतो. तात्या तिकडं घोरत होता.

तर असं होतं ते. बुवा जे बोलतील त्यावर माझा भाऊ माणसांत झोपणार का बैलांत, ते ठरायचं होतं.

*

डोळे बघायचं बुवांनीच चैतगिरीला शिकवलेलं. डोकं बिघडलेली माणसं घेऊन लोक लांबलांबून मठात यायचे. पापणी लवते का, किती लवते. बाहुली उजेडात आकसते का. डोळ्यापुढून मोरपीस नेलं तर नजर त्याच्यामागं सरळ जाते का मधे तुटते. माणूस समोरच्याला बघतो का त्याच्या पलीकडं बघतो. असलं पुष्कळ बुवा बघायचे. बुवांना एक माणूस बघायला अर्धा दिवस जायचा.

चैतगिरीला उंबऱ्यातूनच कळायचं. एवढा पुढं गेला होता तो. जत्रेत तर लोक बुवांना सोडून त्याच्यापुढं रांग लावायचे, कारण बुवांपाशी फार वेळ मोडतो.

तो ओट्यावरून उतरला. हातात मोरपीस.

"कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "मला काही सांगायचं नाही. डोळेच सांगतील."

"सांगायला कोण आलंय?" मी म्हणालो.

"बोलायचं नाही."

आधी सात्तापापुढं उभा राहिला. मोरपीस डावीकडून उजवीकडं नेलं, सावकाश. सात्तापाची नजर त्याच्यामागनं गेली. अगदी सरळ, ताट कललं की पाणी सरकावं तशी. परत डावीकडं आणलं. परत गेली. कितीतरी दिवसांत हा कशाकडे असा बघितला नव्हता. लहानपणापासून मोराचं वेड त्याला. आमच्या मळ्यात मोर उतरले की तो जेवण टाकून पळायचा.

चैतगिरीला हे काय माहीत. त्यानं मान हलवली आणि माझ्यापुढं आला.

"डोळे उघडे ठेवा."

"उघडंच हाईत."

"मिटू नका."

"मिटायला सवड कुठं हाय मला?"

मोरपीस फिरवलं. ते मला कधी एक दिसायचं, कधी दोन. मी सगळा जोर लावून बघत होतो. पापण्या आपोआप फडफडत होत्या.

चैतगिरी वळला, ओट्याकडं. आवाज चढवून म्हणाला, सगळ्या मठाला ऐकू जावं असा.

"बुवा, हा. डोळे तांबारलेत. बाहुली ठरत नाही. पापणीला कंप आहे. मोरपिसामागं नजर जागोजाग तुटते. आजारी हाच आहे. धाकटा याला घेऊन आलाय."

"मी?"

"हा," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जे सांगायचं ते माझ्या डोळ्यांनी सांगून झालं होतं, आता माझं काय काम.

मी पायातलं काढलं.

काढलं ते काढलं, पण हाताला भाऊ बांधलाय हे विसरलो. मी वहाण उगारून पुढं गेलो आणि माझ्यामागनं सात्तापा ओढला गेला, आणि आम्ही दोघं चैतगिरीच्या अंगावर.

"बघा," चैतगिरी मागं सरकत म्हणाला. "अंगावर येतो. तेही डोळ्यांत होतं."

बुवा हसत होते. आवाज न करता, नुसतं पोट हलत होतं.

"बरोबर ओळखलंस, चैतगिरी," ते म्हणाले.

वहाण माझ्या हातातच राहिली.

"बरोबर?" मी म्हणालो. "बुवा, तुमीबी?"

"एक बरोबर ओळखलास," बुवा म्हणाले. "एक राहिला."

"मोरपीस पुन्हा धाकट्यापुढं धर, आणि आता खाली घे," त्यांनी चैतगिरीला सांगितलं.

चैतगिरीनं मोरपीस पार खाली नेलं, पाठीमागं धरलं.

सात्तापाचे डोळे खाली गेले नाहीत. मोरपीस जिथं होतं तिथंच राहिले, रिकाम्या जागेत. पापणी लवेना. त्याच्या गालावर माशी बसली, डोळ्यापर्यंत चालत गेली. तरी लवेना.

मी हात हलवून माशी उडवली.

घरी मी हे रोज बघत होतो. पण आणखी कुणी ते बघताना मी पहिल्यांदाच बघत होतो. तोवर मला वाटायचं, मला एकट्यालाच तसं दिसत असेल. जागून जागून दिसत असेल.

"आता याला विचार," बुवांनी माझ्याकडं बोट केलं. "डोळा कधी लागला होता म्हणावं."

चैतगिरीनं विचारलं, "डोळा कधी लागला होता?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"माझा डोळा कुणाला लागत न्हाई," मी म्हणालो. "आणि मला कुणाचा लागावा असं काय राहिलंय माझ्याकडं? ह्याला लागलाय म्हणत्यात भावकीतल्या बाईचा. मिरच्या ओवाळल्या, मीठ ओवाळलं. तुमचं आणि काय ओवाळायचं असंल तर आत्ताच सांगा, मला घरी जायचंय."

"अरे बाबा, झोप," बुवा म्हणाले. "झोप कधी लागली होती तुला?"

झोप होय.

मी आठवायला लागलो. गुऱ्हाळाच्या शेवटच्या दिवशी... नाही, त्या दिवशी काहिली घासायच्या होत्या. सात्तापा विहिरीवर गेला, त्याच्या आधी... आधी कधीतरी. नंतर पावण्यांकडं लग्नाला गेलो तेव्हा बसल्याबसल्या... नाही, तिथंही हा शेजारीच होता.

आठवेना.

डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. गुळव्या माणूस मी, चुलवाणापुढं उभा राहणारा, धुरानं डोळ्यांतनं पाणी काढणं मला नवं नाही. धुराचंच असणार म्हणून मी पुसत राहिलो. मठात त्या वेळेला कुठं काही पेटलेलं नव्हतं.

"निजलास तर काय होईल?" बुवांनी विचारलं.

"ह्यो विहिरीवर जाईल."

"आणि नाही निजलास तर?"

"मी जाऊ देणार न्हाई."

"कुठवर?"

मी मनगटावरची गाठ चाचपली.

बुवा उठले. खांबाला धरून, वाकत नाही तो गुडघा लांब ठेवून, एकेक पायरी खाली आले. माझं मनगट हातात घेतलं. गाठ सोडायला बघितली, सुटेना. ती मी रोज दातानं आवळायचो. मग बुवांनी तोंड खाली नेलं आणि माझ्या मनगटावरची गाठ दातानं सोडवायला लागले. म्हातारा माणूस, दात थोडेच उरलेले. लोक ज्यांच्या पायावर डोकं ठेवायला येतात ते माझ्या हातावर वाकलेले. मी हात मागं ओढला तर म्हणाले, "थांब की जरा, सुटतीय."

सुटली.

ते टोक त्यांनी चैतगिरीच्या मनगटाला बांधलं.

चैतगिरी मनगटाकडं बघत राहिला. मळका पटका, गुळाच्या डागांचा, आणि त्याचं ते धुतलेलं मनगट.

"बुवा, माझी पूजा राहिलीय."

"राहू दे."

"मी काय करायचं?"

"बघ याला."

"बघितलं की."

"उंबऱ्यातून बघितलंस."

मग बुवा माझ्याकडं वळले. त्यांच्या खोलीत त्यांचं घोंगडं अंथरलेलं होतं, तिकडं हात केला. पण मी जाईना. मला ज्यासाठी आलो ते हवं होतं.

"बुवा, गावात जाऊन काय सांगू? येडा हाय का न्हाई?"

"आजारी आहे म्हणून सांग."

"आजारी आणि येडा, ह्यात काय फरक?"

"आजारी माणसाला बांधत नाहीत."

"चुलत्यानं खुंटी ठोकून ठेवलीया."

"म्हैस आहे का घरात?"

"हाय."

"मग तिला बांध. खुंटी वाया जाऊ नये."

मी घोंगड्यावर आडवा झालो. आढ्याला एक पाकोळी लटकलेली दिसली, आणि त्यापुढचं मला काही माहीत नाही.

*

आता इथनं पुढचं मला सात्तापानं सांगितलेलं आहे. एकदम नाही. पुढं वर्षभर, आज एक तुकडा, परवा एक तुकडा. म्हणून कुठं खालीवर झालं असलं तर त्याचा दोष.

चैतगिरी म्हणे त्याच्यापुढं मांडी घालून बसला आणि त्याच्या डोळ्यांत बघायला लागला, परीक्षेचा कागद बघावा तसा. सूर्य डोक्यावर आला. सात्तापा तसाच. चैतगिरीला तहान लागली, पण पाण्याला जायचं तर दोघांनी जायला हवं, आणि सात्तापा उठेना. "ऊठ," म्हणाला. नाही उठला. "ए," म्हणाला. नाही.

मग उन्हं कलल्यावर सात्तापा आपणहून उठला. चालायला लागला. चैतगिरीला वाटलं, चला, पाण्याला निघाला.

तो निघाला मठाच्या विहिरीकडं.

"बस खाली," चैतगिरी म्हणाला. ओढून बघितलं. सात्तापा उसाच्या मोळ्या वाहिलेला गडी, तो कुठला ओढला जातोय. चैतगिरीच त्याच्यामागनं फरपटत गेला. विहिरीला कठडा नव्हता. दगडी काठ, आणि खाली पाणी. सात्तापा काठावर जाऊन उभा राहिला आणि पाण्यात बघायला लागला. पटका दोघांच्या मधे ताणलेला.

चैतगिरीचा आवाज चिरकला.

"बुवा, याचे डोळे थिजलेत. पापणी लवत नाही."

ओट्यावरून बुवा म्हणाले, "बरोबर दिसलं तुला."

"बुवा, हा ऐकत नाही."

"हाक मार."

"मारतोय."

"'ए' म्हणतोयस. नाव काय त्याचं?"

चैतगिरीला नाव माहीत नव्हतं. सकाळपासून त्याच्या डोळ्यांत बघत होता, मनगटाला मनगट बांधून बसला होता, आणि नाव विचारलंच नव्हतं. 'डोळेच सांगतील' म्हणणारा. डोळे सगळं सांगतात, नाव सांगत नाहीत.

"नाव काय आहे, बुवा?"

"मला काय ठाऊक," बुवा म्हणाले. "त्यालाच विचार."

सात्तापा सांगतो, बुवा तसं निवांतपणे म्हणाले खरं, पण तेव्हा ते ओट्यावर बसलेले नव्हते. खांबाला धरून उभे होते. अर्ध्या पायऱ्या उतरलेले.

"तुला कसं दिसलं?" मी त्याला नंतर विचारलं. "तू तर पाण्यात बघत हुतास."

"पाण्यातच दिसलं," तो म्हणाला. "पाण्यात ओटा दिसत हुता."

चैतगिरीनं विचारलं. "तुझं नाव काय?"

सात्तापा गप्प.

"दादा, नाव काय तुझं?"

गप्प.

मग तो काठावर त्याच्या शेजारी बसला. त्याच्या डोळ्यांत बघायचं सोडलं आणि तो जिथं बघत होता तिथं, पाण्यात बघायला लागला. आणि विचारत राहिला. हळू आवाजात. नाव सांग रे. सांग की नाव. मला हाक मारायचीय, नाव सांग. त्याचा घसा बसला. पुढं पुढं म्हणे तो रडायला लागला होता, पण विचारायचं थांबला नाही.

"कवाधरनं इचारत हुता," सात्तापा म्हणतो. "मला त्याची दया आली."

पापणी लवली.

"सात्तापा," तो म्हणाला.

गुऱ्हाळ बंद झाल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द. मी भाऊ असून, त्याच्या हाताला बांधून निजलो असून, तो पहिला शब्द त्या चैतगिरीला मिळाला. आणि मी तिकडं घोरत होतो. असू दे.

दोघं परत आले. सात्तापा पुढं, चैतगिरी मागं. बुवा तोवर पुन्हा खांबाला टेकून बसले होते, काही झालंच नाही असे.

चैतगिरी म्हणाला, "बुवा, डोळे बघायला शिकवलंत तेव्हा तुम्ही हे सांगितलं नव्हतं."

"शिकवलं तेव्हा तू विचारलंसच नाहीस," बुवा म्हणाले, "की दिसल्यावर काय करायचं."

*

मी उठलो तो दुसऱ्या दिवशी, उन्हं अंगणात आल्यावर. आधी मनगट चाचपलं. मोकळं. तसाच बाहेर धावलो.

सात्तापा ओट्यावर बसून बुवांबरोबर भाकरी खात होता. बुवांचा वाकत नाही तो पाय त्याच्या मांडीवर होता आणि सात्तापा एका हातानं तो चेपत होता.

"झोप झाली?" बुवांनी विचारलं.

"झाली."

"डोळे बघू."

मी वाकलो. त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली. पुष्कळ वेळ बघितली. मग म्हणाले, "भाकरी खा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सात्तापाला घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. त्यांना सगळं सांगायचं, विहिरीचंही सांगायचं, लाजायचं नाही. गोळ्या देतील त्या मधेच सोडायच्या नाहीत.

"आणि मठात कवा आणू परत?" मी विचारलं.

"भाकरी खायला आण," बुवा म्हणाले.

निघताना चैतगिरीला शोधलं. देवळात पूजेला बसला होता, डोळे मिटून. माझा पटका त्याच्या मनगटाला तसाच होता. मी दारात जरा वेळ थांबलो. खोकलो. त्यानं डोळे उघडले नाहीत.

डोळ्यांचा एवढा जाणकार, पण आपले कधी उघडायचे ते त्याला कळलं नाही.

*

दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं सात्तापाला पुष्कळ विचारलं, मलाही विचारलं, झोपेचंही विचारलं. गोळ्या सुरू झाल्या. मधे दोनदा त्यानं त्या सोडल्या आणि दोन्हीदा परत तसं झालं, आणि परत गेलो. तात्याच्या खुंटीला म्हैस बांधली. तिनं ती पुढच्या पावसाळ्यात उपटून टाकली.

आता सात्तापाही म्हातारा झालाय. हे लिहितोय तेव्हा तो समोर अंगणात शेंगा फोडत बसलाय. माझ्यापेक्षा त्याचे दात बरे. दिवसातनं एखाद्या वेळी त्याचा हात थांबतो आणि डोळे कुठंतरी जाऊन राहतात. पूर्वीइतके नाही, थोडेच. मी तिकडं बघत नाही असं दाखवून बघत असतो. पापणी लवली नाही की म्हणतो, "सात्तापा."

"आँ?"

"काय न्हाई. शेंगा दे."

तेवढंच. पण ते थिजणं फार वेळ राहायला लागलं, सारखं व्हायला लागलं, की मी त्याला घेऊन दवाखान्यात जातो. त्या चैतगिरीला जेवढं दिसत होतं तेवढं आता मलाही दिसतं. नाव मला आधीपासनं माहीत होतं.

मठातली माणसं म्हणतात, गोष्ट बुवांच्या शब्दावर संपवा. मी कशाला संपवू, ती त्यांच्याच शब्दावर अडून राहिलीय. तेवढं लिहितो आणि मग माझा पिच्छा सोडा.

खिंड उतरत होतो. मी पुढं, सात्तापा मागं, मोकळा. त्याची पावलं ऐकू येतात का बघत मी चाललो होतो. ओढ्याच्या वळणावर पावलं थांबली. मी वळलो.

"दादा," तो म्हणाला, "तुझा पटका राहिला की."

मी डोक्याला हात लावला. बोडकंच होतं. तो पटक्याचं बोलत होता आणि मी त्याचं बोलणं ऐकत होतो.

"राहू दे," मी म्हणालो.

"चैतगिरीपाशी हाय." दोन पावलं पुढं येऊन म्हणाला, "आला हुता त्यो. तू झोपला हुतास तवा. तुझ्या उशाला येऊन बसला, हात जोडून. तुला हलवून उठवणार हुता. माफी मागायची म्हणाला."

"मग?"

"बुवांनी त्याचा हात धरला."

"आणि?"

"म्हणाले... आत्ता नको, चैतगिरी. त्याचा डोळा लागलाय. जागा झाला की माग."

मी कधीचा जागा आहे, चैतगिरी.